बंधुता आणि उबुंटू : दोन राज्यघटना, एक जुना प्रश्न

१/
२१ फेब्रुवारी १९४८. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेचा मसुदा संविधान सभेच्या अध्यक्षांना सादर केला. त्याच्या उद्देशिकेत एक शब्द नव्याने आला होता : बंधुता. पंडित नेहरूंनी १३ डिसेंबर १९४६ रोजी मांडलेल्या आणि २२ जानेवारी १९४७ रोजी संमत झालेल्या उद्दिष्टांच्या ठरावात न्याय, स्वातंत्र्य आणि समता होती, बंधुता नव्हती. समितीने ती आपणहून घातली.

२/
समितीने त्याचे कारणही नोंदवले : बंधुभावाची आणि सद्भावाची गरज देशाला आजच्याइतकी कधीच नव्हती. हे विधान हवेतले नव्हते. फाळणीच्या कत्तली ताज्या होत्या. ३० जानेवारीला गांधीजींची हत्या झाली होती. त्यानंतरच्या दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मण कुटुंबांची घरे आणि दुकाने जाळली गेली. मारेकऱ्याची जात हाच शेजाऱ्याचा गुन्हा ठरला. दिल्लीत 'बंधुता' हा शब्द लिहिला जात असताना कृष्णाकाठी ती जळत होती.

३/
पंचेचाळीस वर्षांनी आणखी एका देशाने असाच शब्द कायद्यात आणला. दक्षिण आफ्रिकेच्या १९९३ च्या अंतरिम राज्यघटनेच्या समारोपात सूडाऐवजी समजूत, प्रतिशोधाऐवजी भरपाई आणि छळाऐवजी 'उबुंटू' यांची गरज सांगितली गेली. २७ एप्रिल १९९४ रोजी ती अमलात आली आणि त्याच दिवसापासून तेथील पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कृष्णवर्णीय जनतेने मतदान केले. आज अनेकांना 'उबुंटू' हे संगणकप्रणालीचे नाव म्हणून ठाऊक असते. एका दक्षिण आफ्रिकी उद्योजकाने २००४ मध्ये ते ठेवले. शब्द मात्र फार जुना आहे.

४/
एका शब्दामागे बुद्धाचा विचार उभा आहे, दुसऱ्यामागे आफ्रिकी लोकपरंपरेचा. दोन्ही परंपरा एकच गोष्ट सांगतात : माणूस एकटा घडत नाही. पण माणसे एकमेकांत गुंतलेली आहेत एवढे म्हटले की प्रश्न सुटतो का? ज्या दोन समाजांनी हे शब्द घटनेत लिहिले, त्या दोन्ही समाजांत माणसे आधीही एकमेकांत गुंतलेलीच होती. मग नेमके काय कमी होते? या धाग्याचा विषय तो आहे.

५/
प्रथम उबुंटू. झुलू, खोसा आदी न्गुनी भाषांत 'न्तु' या धातूपासून माणसाविषयीचे शब्द बनतात. 'उमुंतु' म्हणजे माणूस, 'अबंतु' म्हणजे माणसे आणि 'उबुंटू' म्हणजे माणूसपण. 'उमुंतु न्गुमुंतु न्गाबंतु' ही म्हण सर्वत्र प्रसिद्ध आहे : माणूस इतर माणसांमुळे माणूस होतो. यात 'होतो' हे क्रियापद महत्त्वाचे. माणूसपण जन्मासोबत मिळत नाही. ते इतरांशी वागता वागता कमवावे लागते. एखाद्याने क्रूरपणा केला तर त्याच्यात उबुंटू नाही, असे म्हणतात.

६/
विसाव्या शतकात आफ्रिकी तत्त्वज्ञांनी या विचाराची शास्त्रशुद्ध मांडणी केली. केनियाचे जॉन म्बिती यांनी १९६९ मध्ये व्यक्तीचे अस्तित्व समूहाच्या अस्तित्वातून सिद्ध होते, असे प्रतिपादन केले. नायजेरियाचे इफेआन्यी मेन्किटी यांनी 'व्यक्ती' ही समाजाने बहाल करावयाची पदवी मानली. घानाचे क्वामे ग्येक्ये यांनी त्याला हरकत घेतली : समाज सर्वस्व झाला, तर त्याच समाजाविरुद्ध उभे राहणाऱ्या माणसाचा हक्क कोण जपणार? हा आक्षेप लक्षात ठेवावा. तो पुढे आपल्या गावातही भेटेल.

७/
आता बुद्धविचार. प्रतीत्यसमुत्पाद म्हणजे कारणांवर अवलंबून होणारी उत्पत्ती. एक असले तर दुसरे असते. एक थांबले तर दुसरे थांबते. राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादात रथाचा प्रसिद्ध दृष्टांत येतो. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजेही रथ नव्हे. सर्वांच्या जुळणीला आपण 'रथ' म्हणतो. माणसाचा 'मी'ही तसाच. तो स्वयंभू नाही, अनेक कारणांची जुळणी आहे.

८/
दोन्ही विचारांत साम्य आहे, तसे अंतरही आहे. उबुंटू माणसाला समाजाच्या कुशीत नेऊन त्याचा 'मी' भरीव करतो. बुद्धविचार त्या 'मी'लाच तपासतो आणि त्याचा ताठा उतरवतो. उबुंटूच्या केंद्रस्थानी माणूस आणि त्याचे पूर्वज. बौद्ध करुणेच्या कक्षेत सर्व प्राणिमात्र. आणखी एक भेद इतिहासाच्या दृष्टीने निर्णायक ठरला : दुःखालाही कारणे असतात आणि कारण काढले तर दुःख जाते, हा बुद्धाचा आग्रह. जे कारणांनी घडले ते बदलता येते.

९/
हा विचार महाराष्ट्राला परका नव्हता. कराडजवळच्या आगाशिव डोंगरात बौद्ध लेणी आहेत. मध्य प्रदेशातील भारहूतच्या स्तूपावर 'करहाकट' नगरीतील दात्यांच्या दानाचा उल्लेख आहे. ही नगरी म्हणजेच आजचे कऱ्हाड, असे मानले जाते. कृष्णा-कोयनेच्या संगमावरचे लोक दोन हजार वर्षांपूर्वी शेकडो मैल दूरच्या स्तूपाला हातभार लावत होते. पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांत व्यापारी, सुतार, लोहार, भिक्षुणी, गृहिणी असे नाना प्रकारचे दाते भेटतात. मात्र पुढच्या शतकांत हा धागा तुटला.

१०/
गावात मग उरले ते दुसऱ्या प्रकारचे परस्परावलंबन : बलुतेदारी. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, महार, मांग, गुरव, जोशी. कुणब्याने पिकवावे, बलुतेदारांनी त्याची कामे करावीत आणि सुगीला धान्याचा वाटा न्यावा. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मधील 'गाव-गाडा' या ग्रंथात ही व्यवस्था बारकाईने नोंदवली आहे. वरवर पाहता याहून घट्ट परस्परसंबंध कोठे सापडणार? एकही बलुतेदार उठून गेला तर गाडा अडावा, अशी ही रचना.

११/
पण या गाड्याच्या चाकांना समान मान नव्हता. महाराने वेशीची राखण करावी, सरकारी निरोप पोहोचवावा, मेलेले ढोर ओढावे. बदल्यात वतन आणि बलुते. त्याच्या श्रमावाचून गावाचे चालत नव्हते, आणि त्याच्या स्पर्शाने गाव बाटत होते. परस्परावलंबन पुरेपूर होते. परस्परांविषयीचा आदर मात्र नव्हता. येथेच या धाग्याचा मुख्य मुद्दा येतो : गुंतलेले असणे ही वस्तुस्थिती आहे, नीती नव्हे. साखळीच्या कड्याही एकमेकींत गुंतलेल्या असतात.

१२/
याचा दाखला सातारा जिल्ह्यातच आहे. सांगलीच्या विश्रामबाग स्थानकातून पुण्याकडे निघालेली गाडी आज कराड ओलांडून मसूरला पोहोचते. १९०१ मध्ये याच मसूर स्थानकावर चार मुले साताऱ्याहून येऊन उतरली. त्यांत नऊ वर्षांचा भीमराव होता. सोबत मोठा भाऊ आणि बहिणीची दोन मुले. वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यातील गोरेगावला रोखपाल होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदायला काढला होता. मुलांच्या येण्याचे पत्र त्यांना वेळेवर कळलेच नव्हते.

१३/
चांगले कपडे घातलेल्या मुलांची स्टेशनमास्तरने आस्थेने विचारपूस केली. जात कळताच त्याचा चेहरा बदलला. एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. अखेर एकजण दुप्पट भाड्यावर राजी झाला, तेही मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि त्याने पायी चालावे या अटीवर. रात्रभराच्या त्या प्रवासात शिदोरी सोबत होती, पण पाणी कोणी दिले नाही. मुले उपाशी झोपली. पुढे आंबेडकरांनी ही हकिकत 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहिली.

१४/
त्या गाडीवानाचे वागणे नीट पाहण्यासारखे आहे. त्याला भाडे हवे होते, मुलांना गाडी हवी होती. दोघांचे एकमेकांवाचून अडलेले होते आणि व्यवहार पूर्णही झाला. तरीही सुरुवातीला तो एका फळीवर त्यांच्याशेजारी बसला नाही. जातिव्यवस्था माणसांना तोडते असे आपण म्हणतो. खरे तर ती माणसांना एका विशिष्ट रीतीने जोडते. हाताने काम घेते आणि हात लावू देत नाही. आंबेडकरांच्या पुढील आयुष्याचा संघर्ष या जोडणीची रीत बदलण्यासाठी होता.

१५/
म्हणून २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले, ते तहान भागवण्यापुरते नव्हते. आम्हीही इतरांसारखी माणसे आहोत, हे सिद्ध करण्यासाठी ते होते. आणि म्हणूनच १९२८ मध्ये आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक आणले. वतन हे वरकरणी महारांचे उत्पन्न. त्यावर घाव घालणे अनेकांना आत्मघात वाटले. आंबेडकरांना ती गुलामीची बेडी दिसत होती. ही कनिष्ठ ग्रामवतने अखेर १९५८ च्या कायद्याने संपली. ते पाहायला बाबासाहेब नव्हते.

१६/
बंधुतेचा विचार आंबेडकरांकडे एकाच वाटेने आला नाही. कोलंबिया विद्यापीठात त्यांचे गुरू असलेल्या जॉन ड्युई यांनी लोकशाहीकडे शासनपद्धतीपलीकडे, एकत्र जगण्याची रीत म्हणून पाहिले होते. १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात ती छाया स्पष्ट दिसते : आदर्श समाजात एका भागात घडलेला बदल सर्व भागांत पोहोचला पाहिजे, हितसंबंध सामायिक असले पाहिजेत. पुढे ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात मात्र त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले की, आपली ही तत्त्वे फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत. ती बुद्धाकडून आलेली आहेत.

१७/
बुद्धाकडून त्यांनी नेमके काय घेतले? मैत्री. बंधुता हा भावाभावांमधला, आप्तांमधला शब्द. मैत्री त्याहून विस्तीर्ण. त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेल्या लेखनात त्यांनी बंधुतेपेक्षा बुद्धाचा 'मैत्री' हाच शब्द अधिक योग्य मानला आहे. १९५७ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ते म्हणतात की, माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसे एकत्र आली की धम्म लागतोच. दुःखाचे कारण त्यांनी मनाइतकेच माणसामाणसांतील संबंधांत शोधले.

१८/
२५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात त्यांनी इशारा दिला होता : बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता हे वरून फासलेल्या रंगापेक्षा खोल जाणार नाहीत. जाती राष्ट्रविरोधी आहेत, कारण त्या समाजजीवनात फूट पाडतात. म्हणजे आंबेडकरांच्या लेखी बंधुता ही पूर्वजांकडून आलेली ठेव नव्हती. ती अजून निर्माण व्हायची होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंनी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत सर्व प्राणिमात्रांविषयी दयेची प्रतिज्ञा आहे. त्याच यादीत विषमतेचा त्यागही आहे. दोन्ही एकत्र, हे विशेष.

१९/
आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या लढ्याशी महाराष्ट्राचे नाते याआधीच जुळले होते. जोतीराव फुले यांचे मूळ गाव कटगुण, तेही खटाव तालुक्यातलेच. त्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. १९४६ मध्ये आंबेडकरांनी आफ्रिकी-अमेरिकी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांपुढे कृष्णवर्णीयांनी केलेल्या अर्जाची प्रत मागितली. दोन्ही समूहांच्या स्थितीत फार साम्य आहे, असेही कळवले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन.

२०/
वंशभेदी दक्षिण आफ्रिकेतही गुंतागुंत तशीच होती. जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणी कृष्णवर्णीय मजुरांवाचून एक दिवस चालल्या नसत्या. गोऱ्या घरांतील मुले कृष्णवर्णीय दायांच्या अंगाखांद्यावर वाढली. पण १९५० च्या कायद्याने त्यांच्या वस्त्या वेगळ्या पाडल्या आणि परवान्याच्या पुस्तिकेवाचून शहरात फिरणे हा गुन्हा ठरला. श्रम आत, माणूस बाहेर. गावगाड्याची ही रीत मराठी वाचकाला वेगळी समजावून सांगायला नको.

२१/
नव्या राज्यघटनेत आलेल्या शब्दाची पहिली मोठी परीक्षा ६ जून १९९५ रोजी झाली. मक्वान्याने खटल्यात दोन आरोपी खुनांसाठी दोषी ठरले होते आणि त्यांना फाशी झाली होती. घटना न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी फाशीची शिक्षा घटनाबाह्य ठरवली; जनमत फाशीच्या बाजूने असेल असे गृहीत धरूनही. इव्हॉन मोक्गोरो, पायस लांगा यांच्यासह अनेक न्यायाधीशांनी आपल्या निकालपत्रांत उबुंटूचा आधार घेतला. खुन्याचेही माणूसपण नाकारता येत नाही. ते नाकारले तर नाकारणाऱ्याचेच उणे होते, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय.

२२/
दुसरी परीक्षा अधिक कठोर होती. १९९५ च्या कायद्याने सत्य आणि समेट आयोग नेमला गेला. आर्चबिशप डेस्मंड टुटू अध्यक्ष झाले. राजकीय गुन्ह्याचे पूर्ण सत्य सांगणाऱ्याला माफी मिळू शकणार होती. सात हजारांहून अधिक अर्ज आले. टुटूंच्या दृष्टीने हा उबुंटूचाच मार्ग होता. पण कोठडीत मारल्या गेलेल्या स्टीव्ह बिको यांच्या पत्नी न्त्सिकी बिको आणि इतर काही कुटुंबे न्यायालयात गेली : आमच्या वतीने क्षमा करणारे तुम्ही कोण? जुलै १९९६ मध्ये न्यायालयाने माफीची तरतूद उचलून धरली. कुटुंबांचा प्रश्न मात्र आजही जिवंत आहे.

२३/
ग्येक्ये यांचा आक्षेप येथे आठवतो. समूहाच्या समेटासाठी एका विधवेने न्याय सोडावा का? टीकाकारांनी पुढे असेही दाखवले की क्षमेचा गाजावाजा झाला, जमीन आणि संपत्ती मात्र बहुतांशी जिथल्या तिथे राहिली. १९९६ च्या अंतिम राज्यघटनेत 'उबुंटू' हा शब्दही नाही. तरी न्यायालयांनी तो सोडला नाही. २००४ मध्ये न्यायमूर्ती अॅल्बी सॅक्स यांनी पोर्ट एलिझाबेथच्या बेघर वस्तीच्या खटल्यात त्याचा आधार घेतला. लोकांना पर्याय न देता, त्यांच्याशी बोलणी न करता उठवणे हे माणुसकीत बसत नाही. शब्द क्षमेकडून निवाऱ्याकडे वळला.

२४/
दोन्ही अनुभव शेजारी ठेवले की एक गोष्ट उमगते. दक्षिण आफ्रिकेने नाते आहे असे मानले आणि ते सांधायला घेतले. आंबेडकरांनी नाते अजून जुळायचे आहे असे मानले आणि त्याची अट सांगितली. उबुंटूकडून शिकावे ते हे की, शत्रूचे माणूसपणही आपल्या माणूसपणाचा भाग असते. आंबेडकरांच्या मैत्रीकडून शिकावे ते हे की, पायाखाली असलेल्याला बंधुतेचा उपदेश करण्याआधी पाय बाजूला घ्यावा लागतो.

२५/
उद्देशिकेतील शब्दक्रम म्हणूनच वाचण्यासारखा आहे. बंधुतेने कशाची हमी द्यायची? आधी व्यक्तीच्या प्रतिष्ठेची, मग राष्ट्राच्या एकतेची. १९४८ च्या मसुद्यापासून हा क्रम तसाच आहे. समूहासाठी व्यक्ती नव्हे. व्यक्तीचा मान राखला गेला तरच समूह टिकेल. गावगाड्यात एकता भरपूर होती, प्रतिष्ठा नव्हती. 'आपण सारे एक' ही घोषणा पुढच्या वेळी कानी पडली की या क्रमाने एक साधा प्रश्न विचारता येतो : या 'आपण'मध्ये पाण्याला हात लावण्याचा हक्क कोणाकोणाला आहे?